हात कुठे ठेवून येऊ?

“दोनच वाक्यं, बाई... फक्त दोन वाक्यं!” मुख्याध्यापक अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. “माझी मुलगी सांगते ते खोटं आहे, आणि तिचा नि माझा आता काही संबंध नाही. बस्स! उद्या संध्याकाळी मी कॅमेरा घेऊन येतो. तुम्ही बोला, आम्ही ते लोकांपुढे ठेवतो, म्हणजे हे वादळ एकदाचं शमेल.”

पुसायला म्हणून बाईंनी चष्मा काढला होता आणि पुसता पुसता बोटांना किती जोर चढला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. काडकन आवाज झाला आणि चष्म्याची काडी तुटून त्यांच्या मुठीत राहिली.

“अगं ताई, हात कापेल!” धाकटी बहीण स्वयंपाकघरातून धावत आली. बाईंच्या लेकीची ती मावशी, म्हणून साऱ्या गल्लीचीही मावशीच झालेली. तिने मुख्याध्यापकांकडे एक जळजळीत नजर टाकली. “चहा घेता का सर, की एवढ्यावरच पोट भरलं?”

“आणि मी नाही बोलले तर?” बाईंनी शांतपणे विचारलं.

मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. कात्रीत सापडला होता. “तर... पालक म्हणतात, जिच्या घरातूनच शाळेवर चिखल उडतो तिच्या हाती आमची लेकरं नकोत. मला तुम्हाला वर्गात येऊ देता येणार नाही, बाई.”

वर्गात येऊ देणार नाही! नोकरी संपली तरी बाई रोज सकाळी शाळेत जात, तेही सगळ्यांत लहान मुलांच्या वर्गात. जन्मापासून कानांनी काहीच न ऐकलेल्या मुलांची ती शाळा. त्या मुलांना बाई बोलायला शिकवत. मुलाच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. ‘प’ नीट उमटला की पट्टी फडफडते आणि मूल खुदकन हसतं. ‘ब’ला हातातला फुगा थरथरतो, ‘म’ला नाकाच्या शेंड्याला मुंग्या येतात. समोर आरसा, मुलाचा चिमुकला तळवा बाईंच्या गळ्यावर आणि बाईंचा तळवा मुलाच्या गळ्यावर! बघ, माझ्या गळ्यात कशी भुणभुण होते, तुझ्याही गळ्यात होऊ दे... अशी त्या किती पोरांच्या मुक्या गळ्यांतून आवाजाची पहिली भुणभुण जागी करत आल्या होत्या. एकेका अक्षरासाठी महिना लागो की वर्ष, बाईंचा आवाज कधी चढला नाही. “पुन्हा,” एवढंच त्या म्हणत, आणि हसत.

नियम मात्र एकच होता आणि तो फार कडक होता. वर्गात हातवारे करायचे नाहीत! मुलांनी तळवे मांडीखाली घेऊन बसायचं. हातांना मोकळीक मिळाली की ओठ आळशी होतात, अशी बाईंची श्रद्धा होती. “जग काही ह्यांच्यासाठी हातांची भाषा शिकणार नाही,” त्या म्हणत. “जगाला ओठ कळतात. मी नसेन तेव्हाही माझ्या लेकरांना पाव मागता आला पाहिजे.” एवढ्या मायेपोटी त्यांनी हात बांधले होते... आणि बांधता बांधता, चुकूनसुद्धा मुलांच्या हातांकडे न बघण्याची स्वतःच्या डोळ्यांना सवय लावली होती. हातांकडे बघितलं तर मूल बोलायचं थांबेल! बघायचे ते फक्त ओठ.

ठकी ह्याच शाळेत वाढली. ठकी म्हणजे बाईंची एकुलती एक लेक. गोलमटोल, लाकडी बाहुलीसारखी, म्हणून ठकी. तिला छान ऐकू येत होतं; पण वडील अकाली गेले, घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून बाई तिला कडेवर घेऊन शाळेत आणत. शाळेत आल्यावर तिने आईला ‘आई’ म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं ‘बाई’च म्हणायचं, कारण इतरांच्या आया कुठे तिथे असतात? तेवढीशी पोर, पण तिने ते कधी मोडलं नाही. मैदानात मात्र ती मुलांच्यात मिसळे. तिथे मुलांची आपापसातली, हातांची, चोरटी, खळखळती बोली चाले, आणि तीही ठकी शिकली.

हीच ठकी मोठी होऊन व्हिडिओ करू लागली. न ऐकू येणाऱ्या मुलांच्या आईबापांशी ती बोले, तोंडाने आणि हातांनी एकदम. “आवाज शिकवा, जरूर शिकवा. पण आवाज येईपर्यंत लेकराने मनातलं कुठे ठेवायचं? त्याचे हात बांधू नका!” हजारो लोक बघू लागले, आणि हजारो लोक खवळले. आमच्या मुलांना कायमची मुकी ठेवायला निघाली, असं कोणी म्हणे. शिकलीसवरली ती आईच्या तोंडाला काळं फासायला, असं कोणी लिही. आणि मग एके दिवशी तिने एका मुलीची गोष्ट सांगितली... वर्गात तळवे मांडीखाली घेऊन बसलेली, बाहेर जायचंय हे सांगायला शब्द येत नाही आणि हात उचलायची परवानगी नाही. शेवटी तिथेच कपडे ओले झाले, आणि पोर दिवसभर कोणाकडेही न बघता बसून राहिली!

वर्ग कोणाचा ते ठकीने सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. साऱ्या गावाने ओळखलं.

त्या संध्याकाळी ठकी घरी आली तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. उभ्या आयुष्याची तपश्चर्या कोणी उकिरड्यावर भिरकावून द्यावी तसं त्यांना झालं होतं. “ज्या हातांनी माझं आयुष्य चव्हाट्यावर मांडलंस,” त्या म्हणाल्या, “ते हात घेऊन माझ्या घरात पाऊल टाकू नकोस!”

ठकीने आपल्या हातांकडे पाहिलं, मग आईकडे. “हात कुठे ठेवून येऊ, आई?” ती म्हणाली. बाईंनी मान फिरवली... आणि ती पायऱ्या उतरून गेली, ती गेलीच.

त्यानंतर तिचा आवाज ह्या घरात ऐकायचा नाही, असं बाईंनी ठरवलं. आणि ते शब्दशः पाळलं! रोज दुपारी मावशीचा डोळा लागला की त्या स्वयंपाकघरात फोन घेऊन बसत, आवाज पूर्ण बंद करत आणि लेकीचा व्हिडिओ लावत. त्यांना आवाजाची गरजच कुठे होती? ओठ वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ठकीच्या ओठांवरचा शब्दन् शब्द त्या डोळ्यांत प्राण आणून वाचत. ती काय सांगते ह्यावर मनातल्या मनात भांडत... आणि भांडता भांडता तिचे खाली आलेले डोळे, मानेजवळ उठून दिसणारं हाड, उसवलेली कॉलर न्याहाळत. ओठ मिटले की संपलं. मग लगेच फोन पालथा. काळ्या पडद्यात उमटणारं रिकामं घर त्यांना बघवत नसे.

एकदा मात्र राहवलं नाही. लेकीचं नाक लाल दिसत होतं. व्हिडिओखाली माणसं एकमेकांची उणीदुणी काढत होती, त्या गदारोळात ‘एक प्रेक्षक’ ह्या नावाने बाईंनी लिहिलं, “मुलीला सर्दी झालेली दिसते. वाफ घ्यावी.” खाली कोणीतरी उत्तर दिलं, “काकू, इथे वाद चाललाय!” बाईंनी घाबरून फोन साखरेच्या डब्यामागे लपवला.

मावशीला हे सगळं माहीत होतं. झोपेचं सोंग घेणाऱ्या माणसाला काय दिसत नाही? पण ती एवढंच म्हणे, “ताई, आपल्याकडे साखर फार बोलायला लागली हो हल्ली!”

मुख्याध्यापक येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाई चष्म्याच्या दुकानात गेल्या. संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर बसायचं होतं, आणि चष्म्याशिवाय त्यांना समोरच्या माणसाचे ओठ धड दिसत नसत. काय बोलायचं ते मात्र अजून ठरलं नव्हतं. एका पारड्यात पहाटेच्या दवासारखी कोवळी लेकरं होती, फुगा गालाशी धरून वाट बघणारी. आणि दुसऱ्या पारड्यात जी आता घरी येतही नाही, ती लेक! तिचा-माझा संबंध नाही, असं म्हटलं तर नवीन असं काय बोलणार होते मी... बाई स्वतःला समजावत होत्या. पण ते वाक्य मनात उच्चारलं तरी जिभेला चटका बसे.

दुकानाची मालकीण बाईंचीच विद्यार्थिनी. सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. तिच्या जाड, सपाट, एका सुरातल्या आवाजातलं एकेक अक्षर बाईंनी घडवलं होतं. ती मैदानातली ठकीची जिवलग मैत्रीणही.

“काडी तुटली? की तोडली?” काडी हातात घेत चष्मेवाली म्हणाली.

“तुटली गं.”

“तुम्ही रागावलात की गोष्टी अशाच तुटतात.” ती हसली, मग एकदम गंभीर झाली. “बाई, ठकी रोज विचारते. तुम्ही उत्तर का देत नाही?”

“काय विचारते? मला कुठे काय विचारते?”

चष्मेवालीने नवी काडी लावून चष्मा त्यांच्या नाकावर चढवला, गल्ल्याजवळचा फोन उचलला, ठकीचा कालचा व्हिडिओ काढला आणि शेवटाकडे नेला. ठकीचे ओठ मिटले. बाईंचा हात सवयीने पुढे झाला.

“इथे संपतो,” त्या म्हणाल्या.

“नाही!” चष्मेवालीने त्यांचं मनगट धरलं. “तोंड मिटतं. व्हिडिओ संपत नाही. खाली बघा, बाई. हात बघा!”

आणि बाईंनी... आयुष्यभर जिथे पाहायचं टाळलं होतं तिथे पाहिलं. मिटल्या ओठांची ठकी कॅमेऱ्याकडे बघत होती. तिने उजवा तळवा हळूच आपल्या गळ्यावर ठेवला. मग दोन्ही हातांची टोकं जुळवून छप्पर केलं. मग दोन बोटांची पावलं त्या छपराकडे चालवली, आणि भुवया उंचावून ती थांबली... कोणी उत्तर देईल म्हणून थांबावं तशी. मग पडदा काळा झाला.

“हे काय? हे गळ्यावर...?”

“तुमचं नाव.”

“माझं?”

“आम्ही सगळे तुम्हाला असंच म्हणतो. मैदानात.” चष्मेवालीने स्वतःचा तळवा गळ्यावर ठेवला. “आमची सगळ्यांची पहिली आठवण. तुमचा हात, इथे. उबदार. अख्ख्या शाळेला माहीत आहे, बाई. फक्त तुम्हाला नाही.”

बाईंना समोरचं काही दिसेना.

“ठकीला शाळेत आई म्हणायची बंदी होती ना? मग ती दिवसभर लांबून असं करायची. तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभ्या, आणि ती असं... आई. आई. आई.” चष्मेवालीचे डोळे भरून आले. “कोणीतरी वाफ घ्यायला सांगितली तेव्हा ती मला म्हणाली, आई बघते! आणि तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी हे असतं. कधी विचारते, जेवलीस? कधी गुडघ्याचं विचारते. पण शेवटी एकच. आई, घरी येऊ?”

“आणि मी... मी रोज बंद करत होते गं! ती विचारत असताना मी रोज तिच्या तोंडावर...” बाईंना हुंदका आवरेना. काय हा दैवाचा खेळ! साऱ्या जगाला दिसलं, ज्यांना काही कळत नव्हतं त्यांनाही दिसलं, आणि जिच्यासाठी होतं तिने ओठ मिटताच पाठ फिरवली होती!

“बाई,” थोड्या वेळाने चष्मेवाली म्हणाली, “ती कपडे ओले झालेली मुलगी मी. ठकीने मला विचारून सांगितली ती गोष्ट.”

बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. “मला आठवतं, पोरी. घरी नेऊन, कपडे बदलून वर्गात परत आणलं होतं तुला. तू रागावली नाहीस माझ्यावर?”

“रागावले की! पुष्कळ. पण तुमच्याशी भांडायला मला तुमचाच आवाज लागला.” ती रडता रडता हसली. “दुकानात आवाज लागतो. पण नवऱ्याशी भांडायला नाही पुरत तो, त्याला हातच हवेत! मला दोन्ही पाहिजे, बाई. ठकी तेवढंच तर सांगते.”

बाईंनी डोळे पुसले आणि वर्गात सर्वांत मागे बसलेल्या मुलाने भीत भीत विचारावं तसं विचारलं, “‘ये’ कसं म्हणतात?”

चष्मेवालीने त्यांना गिऱ्हाइकाच्या आरशासमोर बसवलं. दोन्ही तळवे पुढे, मग छातीकडे ओढायचे, जणू कोणाला जवळ घेतोय. बाईंची बोटं कडक, मनगटं ताठ. वाहनं थांबवणाऱ्या शिपायासारखं काहीतरी झालं.

“पुन्हा,” चष्मेवाली म्हणाली, आणि हसली.

बाईंनी आरशात पाहिलं. ते हसू कोणाचं आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं. त्यांनी हात पुन्हा पुढे केले.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, दिवा नीट केला. बाई नवी काडी लावलेला चष्मा घालून ताठ बसल्या होत्या. मावशीने आज चहाचं विचारलंच नाही. ती आपला फोन उभा धरून दाराशी उभी राहिली. “आमच्याकडेही एक प्रत असू द्या,” ती म्हणाली.

“सांगा, बाई. दोन वाक्यं.”

बाईंनी तळवा गळ्यावर ठेवला. मग दोन्ही हातांचं छप्पर केलं. ते किंचित वाकडं झालं, त्यांनी ते मोडून पुन्हा नीट केलं. मग दोन्ही तळवे कॅमेऱ्याकडे नेले आणि छातीशी ओढून घेतले. एकदा. दोनदा. कितीदा तरी!

“बाई... आवाज येत नाहीये,” मुख्याध्यापक गोंधळून म्हणाले.

“येणार नाही, सर. हे ज्याला ऐकू जायचं त्याला जाईल.”

“पण तुम्ही बोलायचं ठरलं होतं!”

“बोलले मी. तुम्ही दोन वाक्यं मागितली होतीत. माझ्याकडे एकच निघालं.”

मुख्याध्यापक बराच वेळ कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. “मग उद्यापासून वर्गात...” वाक्य त्यांना पुरं करवेना.

“कळलं,” बाई म्हणाल्या. “तिसऱ्या बाकावरच्या छोटीला ‘म’ आता येतोच आहे. तिला घाई करू नका एवढं नव्या बाईंना सांगा. नाकावर बोट ठेवलं की हसते ती, हसू द्या. हसतानाच येईल.”

ते गेले. मावशीने फोनवर दोनतीनदा बोट फिरवलं आणि डोळे पुसत म्हणाली, “धाडलं भाचीला. आता साखरेच्या डब्याला जरा विश्रांती दे.”

सकाळी बाई आपला आरसा आणि फुगे आणायला शेवटचं शाळेत गेल्या. मुलं मैदानात होती. पिशवी घेऊन त्या कुंपणाच्या कडेने निघाल्या तेव्हा झोपाळ्यावरच्या एका पोराने त्यांना पाहिलं आणि तळवा गळ्याशी नेला. मग दुसऱ्याने. मग घसरगुंडीवरच्या सगळ्यांनी! किती वर्षं हे त्यांच्या डोळ्यांसमोर होत आलं होतं, आणि त्या समजत होत्या पोरांना गळ्याशी खाज सुटते, गुंड्या टोचतात... छोटी धावत कुंपणाशी आली, तिने तळवा गळ्यावर ठेवला आणि नाकात सारं बळ आणून म्हणाली, “म्म्म्...” बाईंनी जाळीतून बोट घालून तिच्या नाकाच्या शेंड्याला लावलं. पिशवी खाली ठेवली. आणि सगळ्या मैदानासमोर, सगळ्या खिडक्यांसमोर, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शाळेत हात हलवले. जमलं नाही नीट. पोरं पोट धरून हसली, आणि त्यांनी पुन्हा केलं.

घराशी आल्या तर सर्वांत खालच्या पायरीवर ठकी बसलेली. प्रवासाने चुरगळलेली, केस विस्कटलेले, आणि दोन्ही हात कोटाच्या खिशांत खोल खुपसलेले. आईला पाहून ती उठली. हात मात्र बाहेर आले नाहीत.

“बारीक झालीस,” बाई म्हणाल्या.

“तू खोटं बोलत नाहीस कधी,” ठकी म्हणाली. “छप्पर वाकडं केलंस.”

“नवीन आहे मी. शिकव.”

“आई, तुझा वर्ग गेला ना? माझ्यामुळे...”

“गेला.” बाईंनी पिशवी पायरीवर ठेवली. त्यातला आरसा किणकिणला. “तुझं सगळं मला अजून पटलेलं नाही हं. त्यावर आपण भांडू. घरात बसून भांडू.”

ठकी हसली आणि त्याच क्षणी तिचा बांध फुटला. “येऊ, आई? पण हे हात...” तिने ते खिशांतून काढले आणि पूर्वीसारखेच समोर धरले. “हे कुठे ठेवू?”

बाईंनी लेकीचा उजवा तळवा आपल्या दोन्ही हातांत घेतला. किती थंड पडला होता! त्यांनी तो उचलून आपल्या गळ्यावर ठेवला, पहिल्यांदा आवाज शिकणाऱ्या लेकराचा ठेवतात तसा; आणि त्या तळव्याला नीट कळावं म्हणून सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या,

“इथे ठेव, बाळ... इथे.”